जप्तींतून सुटलेलें

आमच्या गिरगांवच्या चाळींत, मी लहान असतांना, एकदां जप्ती आली होती. बेलिफानें शेजारच्या घरांतील कपाट व भिंतीवरचें घड्याळ लिहून घेतलें. पण चुलीजवळचीं भांडीं, अंथरुणें आणि त्या घरच्या बाईच्या गळ्यांतील मंगळसूत्र यांकडे त्यानें पाहिलेंहि नाहीं. मला तो मोठा दयाळू वाटला. दया त्याची नव्हती, हें पुढें कळलें. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें ६० वें कलमच असें आहे कीं, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, जरुरीचे कपडे आणि धर्मरूढीप्रमाणें स्त्रीला अंगावेगळा करतां येत नाहीं असा दागिना सावकाराला मिळूं नये.

जर्मनींतील ज्यू कुटुंबांविषयींचा २१ फेब्रुवारी १९३९ चा हुकूम वाचतांना या कलमाची आठवण होते. सोनें, चांदी, प्लॅटिनम, रत्नें, मोतीं, सारें कांहीं दोन आठवड्यांत सरकारी गहाणवटीच्या कचेरींत नेऊन द्यावें. किंमत ठरविणार सरकार. आणि त्यालाहि सवलती होत्या! लग्नाची अंगठी, चांदीचें घड्याळ, माणशीं दोन संच चमचे-कांटे, वापरांतील कृत्रिम दांत.

वरवर पाहतां दोन्ही कायदे एकाच कुळांतले वाटतात. परंतु आमच्या शेजाऱ्याचें कर्ज खरें होतें, आणि कायदा सावकाराला बजावीत होता कीं, तुझा हक्क या चुलीपाशीं संपला. तिकडे मुळांत ऋणच नव्हतें. मग अंगठी ‘सोडली’ म्हणजे काय केलें? अपवाद दिसला कीं नियमहि असलाच पाहिजे असें माणसाला वाटूं लागतें, आणि लुटीला न्यायाचा पोशाख चढतो. हुकूम काढणाऱ्यापेक्षां मला त्या कचेरींतील कारकून अधिक अस्वस्थ करतो. चमचे त्यानें अगदीं प्रामाणिकपणें मोजले असतील. एखादा जास्तीचा नजरचुकीनें घेतला गेला असता तर परतहि केला असता. अन् रात्रीं स्वस्थ झोंपला असता. पुढें छावण्यांत प्रेतांच्या तोंडांतून सोन्याचे दांत उपटून काढले गेले, तेव्हां ती सवलतींची यादी कोठें होती?

वेळींच निसटलेलीं कांहीं कुटुंबें मुंबईस उतरलीं. शेवटीं शेवटीं तिकडून निघणाऱ्याला १० मार्कांपलीकडे रोकड नेतां येत नसे. त्यांना आधार देण्यासाठीं येथें १९३४ मध्येंच ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली होती. तरी १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटतांच त्यांतल्या अनेकांना इंग्रज सरकारनें जर्मन प्रजाजन म्हणून स्थानबद्ध केलें. चौकशीअंतीं पुष्कळांना सोडलें. घरदार ज्यानें हिरावलें त्याचेच हे हस्तक, असा संशय त्यांच्यावर यावा! २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानानें तर परदेशीं गेलेल्या ज्यूंचें नागरिकत्व आणि मागें उरलेली मालमत्ता दोन्ही एकदम गेलीं.

आमच्या शेजारणीनें मात्र लिलावापूर्वीं तें मंगळसूत्र आपल्या हातानें उतरवून गहाण टाकलें आणि कर्ज भरलें. नवरा नको नको म्हणत होता. घड्याळ भिंतीवरच राहिलें, आणि ती पुढें कित्येक महिने काळ्या पोतीवर सणवार करीत होती.