पोसलेल्या बोकडाची माया

बोरगाव व सौंसरच्या परिसरात शेताची ओळख कापसाने आणि संत्र्याने होते. तथापि घराच्या अडीअडचणीस धावून येते ती बहुधा अंगणातील शेळीच. कापसाचा पैसा हंगामाला, संत्र्याचा बहराला, शेळीचा मात्र केव्हाही. ती पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते, बाभळीच्या शेंगांवर व बोरीच्या पाल्यावर वाढते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. माद्या वेतासाठी व दुधासाठी राहतात. बोकड खाटकाकडे जातो. हे घरात सर्वांस ठाऊक असते, आणि तरीही तोच बोकड लेकरांच्या हातची भाकर खाऊन वाढतो, हाक मारली की धावत येतो, थंडीच्या रात्री माणसांच्या शेजारी निजतो. ज्यास विकावयाचे असे पहिल्या दिवसापासून ठरले आहे त्याच्यावर माया करणे ही फसवणूक आहे काय? प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांच्या अंगणातला आहे. म्हणून त्याचा विचार येथे करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

बैलाच्या बाबतीत आपले मन स्वच्छ आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे शेकतो, दुसऱ्या दिवशी त्यास ओवाळून पुरणपोळी देतो. शिवाय मध्यप्रदेशात २००४ च्या कायद्याने संपूर्ण गोवंशाच्या हत्येस मनाई आहे. शेळीच्या पाठीशी ना सण, ना तसा कायदा. तिचा सांभाळ केवळ पाळणाऱ्याच्या मनावर सोपविलेला आहे.

अनुभवी माणसे सांगतात, विकावयाच्या जनावरास जीव लावू नये, त्याला नाव देऊ नये. (नावे ठेवणे निराळे, ती आपण शेजाऱ्यांस ठेवतोच.) या सल्ल्यास कोणी भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाचा आधार देतात. राज्य सोडून तपास बसलेला हा राजा एका हरिणाच्या पाडसात इतका गुंतला की पुढील जन्म त्यास हरिणाचाच आला. पण कथा नीट वाचावी. प्रवाहात वाहून चाललेले ते आईवेगळे पाडस त्याने उचलले, यात त्याची चूक कोणी काढलेली नाही. त्यापायी बाकीचे सर्व विसरला, एवढाच दोष. शेळी पाळणाऱ्या शेतकऱ्यास काही विसरण्याची सवड कोठे असते? सावकाराचे देणे, शाळेची फी, दवाखाना, हे सर्व डोळ्यांपुढे असतानाच तो करडास पाला घालीत असतो.

आम्हांस या प्रश्नी महाभारताच्या वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध अधिक जवळचा वाटतो. तो मांस विकी. स्वतः प्राणी मारीत नसे आणि मांस खातही नसे. कौशिक ब्राह्मण ज्ञानासाठी त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने आपला धंदा लपविला नाही, की त्याचे गोडवेही गायिले नाहीत. हे कर्म घोर आहे असे त्याने स्वतःच म्हटले, आणि नांगराखालीही असंख्य जीव मरतात याची आठवण दिली. आपल्याकडे नेमका हा उघडेपणा उणा पडतो. आपण ‘बोकड विकला’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. मूल शाळेत असताना व्यापारी बोलावतो, दोर त्याच्या हाती देतो, आणि सायंकाळी ‘मामाच्या गावी चरायला गेला’ असे सांगतो. फसवणूक असलीच तर ती येथे आहे, मायेत नाही. बोकडास ती कळत नाही, परंतु मुलास पुढे केव्हातरी कळते.

उलट, माया असेल तेथे काही गोष्टी आपोआप घडतात. बाजाराच्या दिवशी जनावरास पाणी पाजले जाते. पाय बांधून दुचाकीवर उलटे टांगून नेण्यास हात धजत नाही. प्राण्यांस विनाकारण वेदना होतील अशी वाहतूक १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविली आहे. पण आठवडी बाजाराच्या वाटेवर तो कायदा क्वचितच दिसतो. तेथे कामी येते ती पाळणाऱ्याची सवय. ज्याने जीव लावला नाही, त्यास बोकड म्हणजे इतके किलो.

काही कुटुंबांत माळ घातलेली आजी असते. ती मांसास शिवत नाही, पण करडांस रात्री पोत्याखाली तीच निजविते. आणि त्यांच्या पैशातून तिची पंढरीची वारी घडते. तिने वारी सोडावी की करडे? आम्ही तिला यांपैकी काहीच सांगणार नाही. आपल्या मंदिराच्या वर्गणीतही त्या पैशाचा वाटा असणारच. तो परत करा, असे कोणी सुचविल्यास आमचे मत विरुद्ध पडेल. कारण परत केल्याने बोकड परत येत नाही, आणि सर्व भार त्या एका घरावर टाकून बाकीचे हात झटकून मोकळे होतात. त्याऐवजी बाजाराच्या वाटेवरील सभासदांनी आपल्या दारापुढे जनावरांसाठी पाण्याचे एक टाके भरून ठेवावे. खर्च थोडा आहे, उन्हाळा जवळ आहे.