टांगलेले आणि विकलेले

परगावी गेलेल्या माणसाला एक मजेदार खोड असते. आपण गाव पाहिले त्या दिवशी ते जसे होते, तसेच ते जन्मभर राहावे असे त्याला वाटते. स्वतःच्या घरी नळ आला की पेढे वाटणारा गृहस्थ दुसऱ्याच्या गावात रहाटाची विहीर शोधीत हिंडतो आणि ती बुजवलेली दिसली की हळहळतो. ही हळहळ खरी की खोटी? आणि खरी असली, तरी ती करण्याचा आपल्याला अधिकार किती? हा प्रश्न मला पडला तो व्हिएतनाममधल्या कान थो या नदीकाठच्या शहरात, पहाटे साडेपाच वाजता, एका होडीत बसलो असताना.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त सायगावला असतो. १९७६ पासून त्या शहराचे नाव हो ची मिन्ह शहर असे आहे, पण बोलण्यात सायगावच. "सर, एकदा याच," असा त्याचा आग्रह होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो आणि त्याच्याबरोबर कान थो पाहायला निघालो. वाट सुमारे १७० किलोमीटरांची. मेकाँग नदी समुद्राला मिळण्यापूर्वी तिला फाटे फुटतात; त्यांतल्या हाउ नावाच्या फाट्याच्या काठी हे शहर आहे. पूर्वी या वाटेवर दोन मोठे प्रवाह फेरीबोटीने ओलांडावे लागत. पहिल्यावर २००० साली पूल झाला, दुसऱ्यावर, म्हणजे हाउवर, २०१० साली. आता अडीच किलोमीटरांहून लांब असा तो पूल मोटार तीन-चार मिनिटांत ओलांडते.

शहराजवळ नदीवर भरणारा एक बाजार आहे. त्याचे नाव 'काय रांग'. मराठी माणसाला हसू येईल असेच हे नाव! दर होडीवर एक उंच बांबू उभा असतो आणि त्या बांबूला विकाऊ माल टांगलेला असतो: अननस, भोपळा, रताळी, कोबी. लांबूनच कळते, कुठे काय मिळेल. पण या टांगण्यालाही तीन अपवाद आहेत, ते आमच्या नावाडीणबाईंनी विद्यार्थ्यामार्फत समजावून सांगितले. काही वस्तू टांगतात पण विकत नाहीत. ते म्हणजे वाळत घातलेले कपडे. काही विकतात पण टांगत नाहीत. त्या म्हणजे गरम शेवयांचा रस्सा आणि कॉफी. आणि काही जण टांगतात एक आणि विकतात दुसरेच. बांबूला छप्पर शाकारायचे झावळ लटकत असेल, तर समजावे की ती होडीच विकायला काढली आहे.

होड्या फार नव्हत्या. आमच्याबरोबर एक वृद्ध युरोपीय गृहस्थ होते. वीस वर्षांपूर्वी ते इथे येऊन गेले होते. "तेव्हा होड्यांमुळे पाणी दिसत नसे," ते म्हणाले, "आता काय राहिले आहे?" त्यांच्या शेजारची तरुण मुलगी मात्र पहिल्यांदाच आलेली. तिला सारेच अपूर्व वाटत होते आणि ती सारखी छायाचित्रे काढीत होती. एकच नदी, एकच सकाळ. एकाला ती सुतकासारखी, दुसरीला सणासारखी. मी, अर्थात, त्या वृद्धांच्या बाजूचा. कादंबरीकार बहुधा सुतकाच्याच बाजूचा असतो.

बाजार का ओसरला, याचे उत्तर सरळ आहे. रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला. काठ ढासळू नये म्हणून काँक्रीटचा तट बांधला, तशी होडीतून वखारीत माल चढवण्याची सोय गेली. २०१६ साली सरकारने या बाजाराला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. मान मिळाला, पण गिऱ्हाईक रस्त्यावर गेले.

मी बाईंना विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" त्या वल्हे न थांबवता म्हणाल्या, "मी होडीतच वाढले. आज इथे, उद्या तिथे. शाळेच्या पटावर माझे नाव कधी टिकले नाही. काठावर राहायला गेलो, म्हणून माझी मुलगी दहावीपर्यंत पोचली."

मी शाळामास्तर! हे मला सुचायला हवे होते.

आणि मग मला आमच्या खाडीवरची तर आठवली. माझ्या पहिल्या कादंबरीत त्या तरीवर अकरा पाने आहेत: चांदणे आहे, तरीवाल्याची हाळी आहे, पाण्यात हलणारा कंदील आहे. वाचकांना ती पाने आवडली. पण माझ्या थोरल्या बहिणीने बाळंतपणाच्या कळा सोशीत त्याच खाडीच्या काठी एक अख्खी रात्र तरीची वाट पाहत काढली होती. बहीण वाचली, मूल वाचले नाही. कादंबरीत मी चांदणे घातले. ती रात्र घातली नाही. मीही एक टांगून दुसरेच विकले होते.

म्हणून काही मी पुलाचा पोवाडा गाणार नाही. हाउवरचा पूल बांधला जात असताना २६ सप्टेंबर २००७ रोजी त्याचा एक भाग कोसळला आणि पन्नासाहून अधिक मजूर दगावले. त्यांतले कित्येक आसपासच्याच गावांतले होते. पुढे पूल झाला, तशी फेरीबोटीवर फळे आणि खाऊ विकून पोट भरणाऱ्यांची गिऱ्हाइके एका दिवसात नाहीशी झाली. जुन्याची किंमत कोणीतरी मोजत असते आणि नव्याचीही मोजत असते. प्रवासी तेवढा दोन्ही वेळा फुकट पाहून जातो. मला वाटते, त्याची हळहळ खोटी नसते. ती फुकटची असते, एवढाच तिचा दोष. ज्याने ती रात्र काठावर काढली, पहिला शब्द त्याचा. आपण बोलायचेच असेल, तर आधी विचारावे: ही शोभा कोणाच्या जिवावर उभी होती, आणि ती गेल्यावर कोणाचे काय झाले?

धक्क्याला लागताना बाईंनीच विचारले, "तुमच्या गावी पूल झाला?"

"झाला."

"मग तुमचा तरीवाला आता काय करतो?"

मला सांगता आले नाही. अकरा पाने लिहिली होती, पण पूल झाल्यावर मी त्याची एकदाही चौकशी केली नव्हती.

परत आल्यावर गावी गेलो. तरीवाला चार वर्षांपूर्वीच वारला होता. शेवटची वर्षे तो पुलाच्या तोंडाशी शहाळी विकीत बसत असे. त्याचा मुलगा त्याच पुलावरून रिक्षा चालवतो. मी जरा चाचरतच विषय काढला, तर तो म्हणाला, "पूल हवाच होता, मास्तर. बाबाही तेच म्हणायचे. फक्त संध्याकाळी पाण्याकडे पाठ करून बसायचे."

कादंबरीची नवी आवृत्ती निघालीच, तर ती रात्र आणि ही पाठ, दोन्ही तीत घालायची असे ठरवले आहे. चांदणे मात्र काढणार नाही. तेही खरेच होते.