आधी गा, मग वाजव

चि. छकुलीस,


तुझा मोठा मेसेज काल रात्री वाचला. शाळेच्या जॅझ बँडमध्ये पहिल्यांदाच तुला सोलोला उभं केलं, बी फ्लॅट ब्लूजचे बारा बार तुझ्या वाट्याला आले. चौथ्या बारपर्यंत तू कागदावरचं ब्लूज स्केल दोनदा वर-खाली केलंस, आणि पुढचे आठ बार तेच पुन्हा वाजवून खाली बसलीस. इथवर ठीक आहे. पण घरी जाताना बसमध्ये तू ठरवून टाकलंस की, "हे अंगातच असावं लागतं, माझ्यात ते नाही." या एका वाक्यासाठी मी आज सकाळी रियाज बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

हे अंगात नसतं गं. हे कानातून येतं, आणि कान तयार करता येतो.

तुझंच वाद्य, आल्टो सॅक्सोफोन, वाजवणाऱ्या चार्ली पार्करचं उदाहरण घे. १९३६ साली तो कॅन्सस सिटीत पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. मोठ्या वादकांच्या जॅम सेशनमध्ये शिरला, मध्येच चुकला आणि ड्रमर जो जोन्सने आपली झांज काढून त्याच्या पायाशी फेकली, असं सांगतात. लोक हसले. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगरांत त्याला वाजवण्याचं काम मिळालं. तिथे तो लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन गेला आणि त्यातले सोलो ऐकून ऐकून सुरासुराने वाजवायला शिकला. परत आला तेव्हा त्याचं वाजवणंच बदललं होतं. मला या गोष्टीतल्या झांजेपेक्षा त्या रेकॉर्डी जास्त मोलाच्या वाटतात.

आता तुझ्या कागदाकडे येऊ. बँडचा बी फ्लॅट म्हणजे तुझ्या आल्टोवरचा जी. तुझं ब्लूज स्केल जी, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, डी, एफ असं असणार. शिक्षक हे आधी देतात, कारण ते बाराही बारांवर चालतं, कुठेच फारसं खटकत नाही. अडचणही तीच आहे. कुठेही चालणारे सूर वाजवले की खाली कॉर्ड बदलली, हे तुझ्या वाजवण्यात ऐकू येत नाही. पियानो आणि बेस दुसऱ्या खोलीत गेले आणि तू अजून पहिल्याच खोलीत फेऱ्या मारते आहेस, असं होतं.

म्हणून या आठवड्यात एकच गोष्ट कर. पहिले चार बार जी सेव्हन आहे. त्याचा तिसरा सूर बी, साधा बी, तुझ्या स्केलच्या कागदावर नाहीच. चौथ्या बारच्या शेवटी तो बी वाजव, आणि पाचव्या बारला सी सेव्हन आली की पहिल्याच मात्रेला बी फ्लॅटवर उतर. अर्ध्या सुराचं उतरणं, बस. हे सावकाश दहा वेळा करून बघ. त्या एका उतरण्यात संपूर्ण बँड वळल्यासारखा वाटेल. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आजीने तुला भूप शिकवला तेव्हा हातात वही दिली होती का? तिने म्हटलं, तू मागून म्हटलंस. चुकलीस की तिने पुन्हा म्हटलं. शिकायची रीत इथेही तीच आहे, फक्त एक फरक मनात पक्का ठेव. भूपात षड्ज जागचा हलत नाही. तानपुरा शेवटपर्यंत तुझ्या पाठीशी असतो. जॅझमध्ये पायाखालची जमीन दर दोन-चार बारांनी सरकते. त्यामुळे भूपाच्या ताना उचलून सॅक्सवर बसवू नकोस. आजीने दिलेला कान मात्र ने.

तो कान कशावर लावायचा, तेही सांगतो. माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'फ्रेडी फ्रीलोडर' काढ. तोही बी फ्लॅट ब्लूजच आहे. फक्त शेवटचे दोन बार वेगळ्या कॉर्डवर जातात, तिथे गोंधळू नकोस. आधी विंटन केलीचा पियानो येतो, मग माइल्सचा ट्रंपेट. माइल्सचे पहिले बारा बार घे. छापील नोटेशन शोधू नकोस, मिळालं तरी उघडू नकोस. ऐक, थांबव, गा. तोंडाने हुबेहूब म्हणता येईपर्यंत सॅक्सला हात लावायचा नाही. तो कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम काहीच वाजवत नाही, तेही गाण्यात आलं पाहिजे. कोल्ट्रेन आणि कॅननबॉल त्याच्यानंतर येतात. कॅननबॉलचा आल्टो तुला खुणावेल, पण त्याला पुढच्या वर्षी हात घाल.

मी मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये नवीन असताना मला चोवीस बारांचा सोलो मिळाला. जे जे येत होतं ते सगळं मी त्यात कोंबलं. उतरल्यावर ट्रंपेट वाजवणाऱ्या एका वयस्क गोवेकरांनी मला बाजूला घेतलं आणि इतकंच विचारलं, "बाबा, यातलं तू गाऊन दाखवू शकशील का?" मला चार सूरही गाता आले नाहीत. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी ओळी होत्या, बोटांच्या सवयी होत्या. मनात ऐकून वाजवलेलं त्यात काही नव्हतं. तो प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो.

सुरांची संख्या कमी पडेल अशी भीती बाळगू नकोस. ड्यूक एलिंग्टनच्या 'सी जॅम ब्लूज'ची मूळ धून सगळी मिळून दोन सुरांची आहे. सॉनी रोलिन्सने १९५६ साली 'सेंट थॉमस'चा सोलो असाच दोन सुरांच्या तुकड्याने सुरू केला; तोच तुकडा तो पुन्हा पुन्हा, पुढे-मागे सरकवून म्हणतो. एवढं नाव झाल्यावरही हा माणूस १९५९ ते १९६१ अशी दोन वर्षं मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत होता. तुम्ही राहता त्या न्यू जर्सीहून तो पूल तुला लांब नाही. बाबांना सांग, एकदा चालत जाऊन या.

मेट्रोनोम साठवर लाव आणि ती टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा आहे असं समज. सुरुवातीला डोकं दुखेल, चार दिवसांत बसेल. वर्गात तुझी पाळी आली की पहिले दोन बार काहीही वाजवू नकोस. बेस ऐक. मग दोन सूर घे, थांब, तेच थोडे बदलून पुन्हा म्हण.

मंगळवारी बँडची तालीम आहे म्हणालीस. सोमवारी रात्री मला बारा बार गाऊन रेकॉर्ड करून पाठव. सॅक्स नको, नुसता आवाज. चौथ्यातून पाचव्या बारात जाताना तो बी खाली उतरलेला मला ऐकायचा आहे.

तुझा,
मामा