फादर हडलस्टन यांनी पाळलेला हुकूम

‘धर्मगुरूने राजकारणात पडू नये’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासायचं राहूनच जातं. ट्रेव्हर हडलस्टन या अँग्लिकन फादरचं आयुष्य वाचताना मात्र ते तपासावंच लागतं.

१९१३ मध्ये इंग्लंडात जन्म, ऑक्सफर्डला शिक्षण, मग मिरफिल्डच्या मठात प्रवेश. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिथली व्रतं. १९४३ मध्ये मठाने त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीत पाठवलं. काळ्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक, आणि म्हणूनच ती सरकारच्या डोळ्यांत सलत होती.

पुढे आर्चबिशप झालेल्या डेस्मंड टुटूंची लहानपणची एक आठवण आहे. ते आईजवळ उभे होते. आई स्वयंपाकाची कामं करायची. पायघोळ झग्यातला एक उंच गोरा पाद्री शेजारून गेला आणि जाताजाता त्याने डोक्यावरची हॅट उचलून त्या माउलीला अभिवादन केलं. गोऱ्या माणसाने काळ्या मोलकरणीला! पुढे टुटू क्षयाने महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून होते, तेव्हा हेच फादर आठवड्याच्या आठवड्याला पुस्तकं घेऊन भेटायला यायचे. ह्यू मासेकेला नावाचा शाळकरी पोरगा सारख्या उचापती करायचा. ‘ट्रम्पेट मिळालं तर कुणाला त्रास देणार नाही,’ असं त्याने सांगितल्यावर फादरांनी ते आणून दिलं. तोच पोरगा पुढे जगप्रसिद्ध वादक झाला.

हे राजकारण होतं का? फादरांच्या लेखी ही पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या लोकांसाठीची, रोजची कामं होती. पण ज्या देशात हॅट उचलणं हेच बंड ठरतं, तिथे पॅरिशचं काम नीट करणारा माणूस राजकारणाबाहेर राहणार कसा? १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मजुरीपुरतंच शिकवायचं ठरवलं. ही मुलं फादरांना नावानिशी माहीत होती. पुढे वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर टांबोंसारखे विद्यार्थी जिथे घडले, ती मठाची सेंट पीटर्स शाळा सरकारच्या हाती देण्यापेक्षा बंद केलेली बरी, अशी भूमिका त्यांनी घेतली. केपटाउनचे आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांना फादरांची पद्धत पसंत नव्हती. राज्यकर्त्यांशी उघड भांडण नको, असं त्यांना वाटे. शाळा बंद केल्यावर पोरं रस्त्यावर येतील, हा अनेकांचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही मला फादरांचंच बरोबर वाटतं. गुलामी शिकवणाऱ्या वर्गाला चर्चचं छप्पर देणं म्हणजे त्या शिक्षणावर आशीर्वादाचा हात ठेवणंच.

९ फेब्रुवारी १९५५. पाऊस पडत होता. बंदुका घेतलेले पोलीस वस्ती हटवायला सोफियाटाउनच्या गल्ल्यांत शिरले आणि कुटुंबांची भांडीकुंडी, गाद्या, खाटा लष्करी ट्रकांवर चढू लागल्या. फादर तिथेच होते. पुढे जवळजवळ अख्खी वस्ती जमीनदोस्त झाली. त्यांचं ख्राइस्ट द किंग चर्च मात्र उभं राहिलं.

आणि मग मठाने त्यांना इंग्लंडला परत बोलावलं. जिवाभावाची माणसं संकटात असताना निघायचं! १९५६ च्या सुरुवातीला ते निघाले. हे मला फार दिवस त्यांचं दुबळेपण वाटायचं. आता तसं वाटत नाही. स्वतःला सोयीचा तेवढाच हुकूम पाळायचा असता, तर सरकारला दिलेला नकारही सोयीचाच ठरला असता. त्यांनी आज्ञापालनाचं व्रत देवासमोर घेतलं होतं, सरकारसमोर नव्हे. पुढे ते टांझानियात मसासीला, लंडनमध्ये स्टेपनीला बिशप झाले. मग मॉरिशसला, म्हणजे भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांच्या बेटावर, बिशप आणि हिंदी महासागर प्रांताचे आर्चबिशप झाले. वर्णभेदाविरुद्धचं काम त्यांनी कधी सोडलं नाही. १९९८ मध्ये ते गेले. त्यांच्या अस्थी सोफियाटाउनच्या त्या चर्चपाशी आहेत.

क्लेटन यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. गोऱ्यांच्या भागातल्या चर्चमध्ये काळ्यांना प्रार्थनेला येण्याची बंदी घालता येईल, असं कलम सरकारने आणलं, तेव्हा या सावध आर्चबिशपांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं: हा कायदा आम्ही पाळू शकत नाही आणि लोकांनाही पाळायला सांगू शकत नाही. ६ मार्च १९५७, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्यांनी पत्रावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं.