एकेचाळीस किलोमीटर उंचीवर

पावसाळ्यात दाटणारे उंचातले उंच ढगही वीस किलोमीटरच्या आत संपतात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांना त्याहून वरची हवा हवी होती, आणि तीही जिवाणू शोधायला!

मूळ कोल्हापूरचे नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल महास्फोटाचा सिद्धांत मानत नव्हते. बहुसंख्य शास्त्रज्ञ विरोधात असूनही दोघे पर्यायी गणित मांडत राहिले. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं, ही हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना तर अनेकांना हसण्यावारी नेण्यासारखी वाटे.

नारळीकरांनी वाद घालण्यापेक्षा ती कल्पना तपासायला फुगा उडवला. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून इस्रोच्या प्रयोगाचा फुगा वर गेला. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरली गेली. पुणे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत नमुने तपासले गेले. 2009 मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्या अतिनील किरणांना दाद देत नव्हत्या. एकीला हॉयल यांचं नाव मिळालं: जॅनिबॅक्टर हॉयली.

हे जिवाणू अवकाशातूनच आले, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. इस्रोनं तसं तेव्हाच स्पष्ट सांगितलं. पृथ्वीवरूनही ते वर गेले असतील.