न पोहोचलेल्यांचे कर्तव्य

घरात मृत्यू झाला की आपल्या गावांत पहिला प्रश्न विचारला जातो तो परदेशी असलेल्या मुलांविषयी. "धाकटा निघाला का?" "मुलगी केव्हा पोहोचते?" शवागारातील दिवस त्या उत्तरावर ठरतात, दफनविधीची वेळ त्यावर ठरते आणि पुढे कित्येक वर्षे त्या घराविषयी गाव काय बोलणार, हेही पुष्कळदा त्याच उत्तरावर ठरते. मात्र हल्ली या उत्तरात विमानाच्या वेळेपेक्षा कागदपत्रांचाच उल्लेख अधिक असतो. व्हिसावरील शिक्क्याची मुदत संपली आहे, पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे, अर्ज प्रलंबित असल्याने देश सोडता येत नाही. ऐकणारा मान डोलावतो, पण त्याच्या मनात एक शंका राहते. खरोखरच येता आले नसते का? आणि परक्या देशातील खोलीत एकटाच बसलेला तो मुलगाही स्वतःला हाच प्रश्न विचारीत असतो.

हा प्रश्न भावनेचा आहे तसाच तो नीतीचाही आहे. जे कर्तव्य कागदाने अडविले, ते पार न पाडल्याचा दोष कोणाचा? आणि दोष नसेल, तर मनाला लागून राहणारी ती खंत कशाची?

प्रथम या कागदाविषयी थोडे. आज आपल्याला पासपोर्ट आणि व्हिसा या गोष्टी समुद्रासारख्या, पर्वतासारख्या अनादि वाटतात. वस्तुतः आजच्या स्वरूपातील सार्वत्रिक पासपोर्टव्यवस्था ही मुख्यतः पहिल्या महायुद्धाची देणगी आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा सरहद्दींवर जी कडक तपासणी आली, ती युद्ध संपल्यावरही गेली नाही. १९२० साली पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या विद्यमाने परिषद भरली आणि पासपोर्टचा समान नमुना ठरला. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येकाला असल्याचे मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली परदेशप्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला.

या सर्वांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वदेशी परतण्याचा हक्क जगाने मान्य केला. परंतु जेथे आपण राबतो, जेथे आपली मुले शाळेत जातात, त्या परक्या देशात पुन्हा प्रवेश मिळण्याचा हक्क कोणीही दिलेला नाही. आपल्या प्रवासी बांधवांची कोंडी नेमकी येथे आहे. घरची वाट बहुधा उघडी असते. बंद होण्याची भीती असते ती परतीची. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी अर्ज केलेला मनुष्य अर्ज प्रलंबित असताना पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर गेला, तर सामान्यतः त्याने तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते. सौदी अरेबियात नोकरी करणाऱ्याला सुटीवर येताना बाहेर जाऊन पुन्हा येण्याचा परवाना लागतो. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा सुटीवर आलेल्या अनेकांनी सामान आवरून परतीसाठी धाव घेतली. हे शुल्क नव्या अर्जांपुरते आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. एका दिवसाच्या त्या गोंधळाने परदेशातील आपले पाय किती पातळ जमिनीवर उभे आहेत, हे दाखवून दिले.

म्हणून "येता आले नाही" या शब्दांचा अर्थ पुष्कळदा "येता आले असते, पण फार मोठी किंमत मोजून" असा असतो. हे प्रांजळपणे मान्य केल्यावाचून पुढचा विचार करता येणार नाही.

कांटच्या नीतिविचारातून रूढ झालेले एक सूत्र असे आहे की, जे करणे शक्यच नाही, ते करण्याचे कर्तव्य असू शकत नाही. आजारी माणसावर उपवासाचे बंधन नाही, तसेच. त्याच्याही पुष्कळ आधी एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने माणसाला दोन खाने आखून दिले होते. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हे ओळखावे. जे हाती नाही त्यासाठी झुरू नये. एपिक्टेटस जन्माने गुलाम होता आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा त्यालाही रोम सोडून निकोपोलिस येथे राहावे लागले. अडविले जाणे म्हणजे काय, हे तो जाणत होता, म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे.

तथापि व्हिसाच्या बाबतीत हे दोन खाने पुरत नाहीत, असे मला वाटते. जे माझ्या हाती नाही, ते कोणाच्याच हाती नाही असे नव्हे. म्हणून अडथळ्यांचे तीन प्रकार करणे बरे.

पहिला प्रकार, जो कोणाच्याच हाती नसतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश कित्येक दिवस विमानांना बंद झाले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे आपल्या देशातील आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली आणि ७ मे रोजी वंदे भारत मोहीम सुरू होईपर्यंत परदेशातून घरी येण्याची वाट जवळजवळ बंद होती. अशा वेळी एपिक्टेटसचाच सल्ला खरा. येथे धीर हाच सद्गुण आहे.

दुसरा प्रकार, जो माझ्या हाती नसून दुसऱ्या माणसाच्या हाती असतो. मालक पासपोर्ट काढून घेतो, अधिकारी कारण न देता अर्ज फेटाळतो. येथे केवळ धीर धरणे हा सद्गुण ठरत नाही. तो अन्यायाला दिलेला आधार ठरू शकतो. १९६७ च्या आपल्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. जो मालक तो कुलुपात ठेवतो, तो एका कामगाराची वस्तूच नव्हे तर एका राष्ट्राची वस्तू अडवून ठेवतो. कतारमध्ये देश सोडण्यासाठी मालकाची अनुमती लागत असे. बहुतेक कामगारांपुरती ती अट २०१८ मध्ये आणि घरकामगारांपुरती २०२० मध्ये उठली. ती आपोआप उठली नाही. कामगारांनी तक्रारी केल्या, संघटनांनी आवाज उठविला, जगाने लक्ष घातले, तेव्हा उठली. जे आज "नशीब" म्हणून सोसले जाते, ते उद्या कोणीतरी बदलू शकते. तेव्हा येथे योग्य वृत्ती न्याय मागण्याची आहे. पासपोर्ट हरवला वा अडकला असता स्वदेशी परतण्यासाठी दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. अडचणीतील भारतीयांसाठी २००९ पासून दूतावासांकडे कल्याण निधी आहे. हे माहीत असणे आणि इतरांना सांगणे, हे या प्रकारातील कर्तव्य होय.

तिसरा प्रकार, जो माझ्याच हाती असतो. अनेक देश पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असल्यावाचून प्रवेश देत नाहीत. वृद्ध आईवडील घरी असताना पासपोर्टची तारीख न पाहणे, नूतनीकरण पुढे ढकलणे, प्रवासासाठी थोडी रक्कम बाजूला न ठेवणे, या गोष्टींना व्हिसा अधिकारी जबाबदार नाही. येथे दक्षता हेच कर्तव्य आहे. कपाटातील कागदाची तारीख पाहणे हीसुद्धा आईवडिलांची सेवा होऊ शकते, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण परदेशस्थ मुलाच्या बाबतीत ते खरे आहे.

आपली गल्लत होते ती हे तीन प्रकार एकमेकांत मिसळल्याने. जेथे न्याय मागायचा तेथे आपण दैवाला हात जोडतो, जेथे दक्ष राहायचे तेथे सरकारला दोष देतो, आणि जेथे खरोखर कोणाचाच दोष नाही तेथे स्वतःला आयुष्यभर शिक्षा करीत बसतो.

आता किमतीचा प्रश्न. नोकरी गमावूनही मुलाने यावे काय? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु एक कसोटी सुचवाविशी वाटते. ही किंमत कोण मोजणार, हे विचारावे. नुकसान केवळ माझ्या बढतीचे, माझ्या सोयीचे असेल, तर ते सोसण्याइतके आईवडिलांचे ऋण निश्चितच मोठे आहे. पण त्या नोकरीवर बहिणीचे शिक्षण, भावाचे औषधपाणी, लेकरांचा घास अवलंबून असेल, तर न येणारा मुलगा कर्तव्य टाळीत नसून दोन कर्तव्यांपैकी एक निवडीत असतो. कित्येकदा तर ज्या आईसाठी तो परदेशी गेला, तिच्याच इस्पितळाचे देणे फेडण्यासाठी तो तेथे थांबलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, एकच प्रवास शक्य असेल, तर तो जिवंत माणसासाठी करावा. दफनविधीला येणे हे प्रेमाचे आणि आदराचे कृत्य आहे, यात वाद नाही. पण ज्या हाताला आपला हात धरता येतो, त्याची गरज अधिक मोठी. आपल्याकडे मात्र उलट घडते. आईला बरे नाही हे मुलाला कळवायचे नाही, असे घरची मंडळी ठरवितात. "उगाच धावपळ करील, रजा जाईल, व्हिसाचे काही तरी होईल." हेतू मायेचा असतो. आई स्वतःच फोनवर आवाज सावरून "मी अगदी बरी आहे" असे सांगते. परंतु या मायेने त्या मुलाची निवड काढून घेतली, याचा विचार आपण करीत नाही. आठ दिवस आधी सत्य कळते, तर त्याने तातडीच्या मुलाखतीसाठी अर्ज केला असता, पूर्वपरवानगी मागितली असती, मालकाची विनवणी केली असती. कदाचित जमले नसते. पण प्रयत्न केल्याचे समाधान त्याला लाभले असते. कागदाने अडविले तर मनुष्य एक दिवस सावरतो. घरच्यांनी अंधारात ठेवले हे कळल्यावर सावरणे अधिक कठीण जाते.

यावर कोणी म्हणेल, दोष नाही हे पटले, तरी खंत जात नाही, त्याचे काय? इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक दैवाविषयी लिहिताना एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले आहे. काही चूक नसताना त्याच्या वाहनाखाली एक मूल येते. पाहणाऱ्यालाही वाईट वाटते. पण चालकाचे दुःख निराळे असते, कारण ती घटना त्याच्या हातून घडलेली असते. लोक त्याचे सांत्वन करतील आणि ते योग्यच आहे. पण तो जर चटकन, निर्विकारपणे त्यातून बाहेर पडला, तर आपल्यालाच काही खटकेल. न पोहोचलेल्या मुलाची खंत याच जातीची आहे. ती अपराधाची साक्ष नव्हे. ज्या नात्यात त्याची जागा होती, ती जागा रिकामी राहिल्याची ती जाणीव आहे. ती पुसून टाकण्याची घाई करू नये आणि तिला गुन्ह्याचे नावही देऊ नये.

येथे संत पौलाची आठवण होते, कारण प्रवासात अडविले जाणे त्याच्याइतके फार थोड्यांनी अनुभवले असेल. रोमच्या भाविकांना भेटण्याचा त्याने अनेकदा बेत केला आणि प्रत्येक वेळी काही ना काही आडवे आले, असे तो स्वतःच त्यांना कळवितो. जन्माने रोमन नागरिक असल्याने फटक्यांपासून तो वाचला. आणि त्याला बांधविणाऱ्या सरदाराने तेच नागरिकत्व मोठी रक्कम देऊन विकत घेतले होते, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. कागद कोणाला जन्माने मिळतो, कोणाला पैशाने, आणि कोणाला मिळतच नाही, ही तफावत तेव्हाही होती. पौलाला जाता आले नाही म्हणून तो गप्प बसला नाही. त्याने पत्र लिहिले, आणि त्याच्या सर्वांत विस्तृत पत्रांपैकी ते एक आहे. देहाने पोहोचता आले नाही, तरी जे पोहोचविणे शक्य होते ते त्याने पोहोचविले.

शेवटी मागे राहिलेल्यांविषयी. ज्याचा मुलगा येऊ शकला नाही, त्या घरी जाताना "का आला नाही?" हा प्रश्न उंबरठ्याबाहेर ठेवावा. दफनविधी किती दिवस थांबवायचा, हे घरच्यांनी परदेशातील मुलाशी बोलून ठरवावे. मुलाचा हिरमोड नको म्हणून वृद्ध बापाची दमछाक नको, आणि गावाच्या सोयीसाठी मुलाची संधीही जायला नको. आणि त्याही आधी, शेजारी कोणी म्हातारी एकटी आजारी असेल आणि तिची लेकरे दुबईला वा टोरांटोला असतील, तर तिच्या उशाशी तासभर बसावे, औषधाची वेळ पाहावी आणि तिची प्रकृती खरोखर कशी आहे, हे तिच्या मुलांना फोन करून सांगावे. निघायचे की नाही, हे मग त्यांना वेळेवर ठरविता येईल.