कंपासपेटीतली गोळी

बसा. आणि पदर तोंडाला लावून हसणं आधी बंद करा. तुमच्यातल्या निम्म्या जणी माझ्याच हाताखालून गेल्यात, माझ्यापुढे कसली लाज?

सातवीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी गोळ्यांचं पाकीट सापडलं. तीन गोळ्या संपलेल्या. विचारलं तर म्हणते, "आईनं दिल्यात. कार्तिकीला पाहुणे येणारेत, घरात अडचण नको." नाव घेत नाही. माना खाली घातलेल्या बऱ्याच दिसतायत.

पाळी पुढं ढकलायच्या त्या गोळीला नॉरएथिस्टेरॉन म्हणतात. हार्मोन आहे ते, चिंचेची गोळी नव्हे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं पाकिटावरच छापलेलं असतं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं ती तशीही मागंपुढं होते. त्यात तुम्ही मेडिकलवाल्याच्या भरवशावर गोळ्या चारता. पोरीला यकृताचा त्रास आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, विचारलं कुणी? आणि शाळेत आम्ही दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, ती मात्र "सरकारी गोळ्या खाऊ नकोस गं" म्हणून फेकायला शिकवता! रक्त वाढवणारी नको, पाळी अडवणारी चालते. शाबास.

म्हणे विटाळ. आणि तोही आळंदीत राहून! चोखोबांच्या सोयराबाईंनी 14व्या शतकात अभंगातून विचारलं, विटाळावाचून देह जन्मलाच कुठं? त्यांना उत्तर दिलंत का अजून? 2022 साली त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आश्रमशाळेत पाळी आली म्हणून झाड लावू दिलं नाही, अशी तक्रार खुद्द मुलीनं केली. ती बोलली तरी. आपल्या पोरी गोळी गिळतात आणि गप्प बसतात.

चाळीत दहा बिऱ्हाडांत एक मोरी, पाण्याची बोंब, तुम्हाला कंपनीतली शिफ्ट; सगळं ठाऊक आहे मला. तरी कापड परकराखाली दडवून वाळवायचं नाही. स्वच्छ धुवायचं, कडक उन्हात घालायचं. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं. दिवसभर एकच पुरवून काटकसर होत नाही. खाज, घाण वास, अंगावरून पिवळं-हिरवट जाणं दिसलं, तर अंगारा नको, सरळ ग्रामीण रुग्णालय.

शनिवारी दवाखान्यातल्या सिस्टर येतील. मुलींसोबत तुम्हीही बसायचं, आणि मुलगेही बसतील. ज्यांना पटत नाही त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. शुद्धलेखन मी तपासणार आहे.